ठिपके जोडण्याआधी

पणजी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांचे लागेबांधे गेफीत (माणसं-कंपन्या ठिपक्यांनी आणि त्यांचे संबंध रेषांनी दाखवणाऱ्या संगणक प्रणालीत) मांडून पाहायचं ठरवलंस, फार छान केलंस. पण गेफी उघडण्याआधी नावं नीट धुऊन घे. निम्म्याहून जास्त वेळ तिथेच जाईल, जाऊ दे. आपल्याकडे एकच आडनाव एका कागदावर कामत, दुसऱ्यावर कामोतिम. कुठे प्रभू, कुठे पोरोबो. नुसत्या नावावर जोडणी केलीस तर एका माणसाचे दोन ठिपके होतात आणि एकाच नावाचे दोन नाईक एका ठिपक्यात शिरतात. म्हणून संचालकासाठी ८ अंकी डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) धर, कंपनीसाठी २१ अक्षरी सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक). जीएसटी क्रमांकच हाती असेल, तर पहिले दोन अंक राज्याचे (गोव्याचे ३०) आणि पुढची १० अक्षरं पॅनची. महाराष्ट्रातल्या शाखेचा क्रमांक २७ने सुरू होईल, पॅन मात्र तोच. जोडणी पॅनवर कर.

मग दोन सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइली: एक ठिपक्यांची, दुसरी रेषांची. संचालक आणि कंपनी, दोघांनाही ठिपके दे. संचालक गाळून थेट कंपनी ते कंपनी रेषा ओढायची घाई नको. १० कंपन्यांवर असलेला एकटा माणूस तशाने ४५ रेषा उभ्या करतो आणि चित्रात भलं मोठं उद्योगघराणं दिसू लागतं. नोंदणीकृत पत्त्याचंही तेच. एकाच सीएच्या कार्यालयाचा पत्ता दिलेल्या कंपन्या एकमेकींना ओळखतही नसतील.

मांडणीला गेफीतली फोर्सॲटलास २ ही पद्धत वापर. ठिपके स्थिरावल्यावरच 'प्रिव्हेंट ओव्हरलॅप' (ठिपके एकमेकांवर चढू न देणारा पर्याय) लाव, आधी लावलंस तर ते एकमेकांना अडवून बसतात. वर-खाली, डावं-उजवं याला काही अर्थ नसतो. दोन ठिपके शेजारी दिसले तरी रेषा आहे का ते बघ.

एका कंपनीभोवतीचं जाळं पाहायला 'इगो नेटवर्क' फिल्टरची खोली २ ठेव. पहिल्या पायरीला संचालक येतात, दुसरीला त्यांच्या इतर कंपन्या. दोन पुंजक्यांना जोडणारा एखादाच माणूस दिसला की तारखा तपास. एका कंपनीतून तो २०१२ साली बाहेर पडला आणि दुसरीत २०१९ साली आला, तर तो दुवा कधी अस्तित्वातच नव्हता. रेषांच्या फाइलीत नेमणूक आणि राजीनामा असे दोन रकाने आत्ताच घाल, मागाहून भरणं फार जड जातं.

कुंडई, मडकईच्या वसाहती नंतर बघू. आधी वेर्ण्याची रेषांची फाइल पाठव.