जुनी पिकअप स्वस्तात मिळतेय पण स्टेअरिंग खूप जड आहे, पॉवर स्टेअरिंग बसवता येईल का?

येतं बसवता, मी बसवलंय. पण भाऊ, आधी गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचला, पाकीट मग काढा.

माझी महिंद्राची पिकअप, २००४ चं मॉडेल, तेच जुनं २५२३ सीसीचं डीआय इंजिन, पुढेसुद्धा पाटे (लीफ स्प्रिंग). आम्ही ओतूरकडचे, टोमॅटो असतो, माल नारायणगावला आणि तिथे भाव पडला की माळशेज उतरून कल्याणला. २०१९ ला ९५ हजारात घेतली ही गाडी. चेसिसला काळाकुळकुळीत रंग मारलेला बघून आमचे आण्णा म्हणाले, ठेवलीये हो चांगली मालकाने. घरी आणल्यावर कळलं, उभ्या गाडीत स्टेअरिंग वळवायचं तर सीटवरून अर्धं उठावं लागायचं, आणि आण्णांचा उजवा खांदा आधीच धरलेला, मार्केटची एक खेप झाली की संध्याकाळी सदरा काढायला माणूस लागायचा.

एका गॅरेजवाल्याने गाडी न बघताच सांगितलं, पॉवर टाका, तीस हजार, दोन दिवस. मी तयारच होतो, पण आमच्याकडे ट्रॅक्टरची कामं करणारा एक म्हातारा फिटर आहे तो म्हणाला, जड का आहे ते तरी बघ आधी.

तर त्याने काय केलं, पुढचा एक्सल उचलून दोन्ही चाकं अधांतरी केली, खाली घोड्या, म्हणजे आधाराचे स्टँड, लावल्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका कधीच) आणि मला स्टेअरिंग फिरवायला लावलं. चाकं हवेत आहेत म्हणजे हलकं फिरायला पाहिजे ना, तरी जडच. मग स्टेअरिंगच्या बॉक्समधून (स्टेअरिंगचा फेरा चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) निघणाऱ्या दांड्यापासून, म्हणजे ड्रॉप आर्मपासून, चाकांकडे जाणारी ड्रॅग लिंक सोडवली. आता स्टेअरिंग एका बोटाने फिरायला लागलं, म्हणजे बॉक्स बरा. आणि चाक हाताने धरून वळवायला गेलो तर दोघांना जोर लावावा लागला. दुखणं किंग पिनला होतं, म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तिला. ही तपासणी अर्ध्या तासाची, फुकट, तुम्ही घ्यायच्या आधीही करू शकता.

किंग पिन निघता निघेना, गरम करून घणाने ठोकून काढल्या. आतून ग्रीस नाही, तपकिरीची डबी उघडावी तसा गंज सांडला, आणि खालच्या थ्रस्ट बेअरिंगचे तुकडे झालेले. आता गंमत बघा, ग्रीसचे निपल (ग्रीस भरायची तोंडं) होते की जागेवर, पण विकायच्या आधी मारलेल्या त्या काळ्या रंगाने बुजलेले. किती वर्षं त्यात ग्रीस गेलं नव्हतं देव जाणे.

नवीन पिन, बुश, बेअरिंग, बुशला लेथवर रीमर मारून घेतला, दोन टाय रॉड एंड (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं) बदलले, बॉक्समध्ये ९० नंबरचं तेल, टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते) सेट, टायरची हवा नीट. साडेसात हजारात निम्मं जडपण गेलं. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ यायला लागलं, ते आधी येतच नव्हतं. हे न करता पॉवर टाकलं असतं तर पंपाच्या जोरावर फिरलं असतं खरं, पण जाम झालेली पिन हाताला कळलीच नसती आणि सगळा ताण टाय रॉडवर न् बॉक्सच्या बोल्टांवर.

तरी पॉवर का टाकलं? तर मार्केटात गर्दीत जागच्या जागी रिव्हर्स घेताना अजून जडच जायचं, आणि आण्णा चावी सोडायला तयार नाहीत. म्हणून त्याच मॉडेलच्या पॉवरवाल्या गाडीचा बॉक्स, पंप, तेलाचा डबा, पाइप असा अख्खा सेट भंगारातून आणला, पाइप मात्र नवेच टाकले, हाय प्रेशरचा पाइप जुना वापरू नका. बसवताना बॉक्सचे या टोकापासून त्या टोकापर्यंतचे फेरे मोजायचे, बरोबर निम्म्यावर आणायचा, चाकं सरळ ठेवायची आणि मग ड्रॉप आर्म दात्यांवर चढवायचा, नाहीतर एका बाजूला गाडी कमी वळते. ड्रॉप आर्म किंवा लिंक जुळत नाही म्हणून कापून वेल्डिंग करू म्हणणारा भेटला तर सरळ गाडी काढून घ्या तिथून.

तेल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), ब्रेक ऑइल चुकूनही नाही, सील खलास होतात. चाकं उचलून इंजिन बंद ठेवून पंधरा-वीस वेळा टोकापर्यंत फिरवा, तेल घालत राहा, मग इंजिन चालू करा, डब्यात फेस दिसतोय तोवर हवा आहे.

माझी चूक पंपाच्या ब्रॅकेटला झाली. एका गॅरेजात अँगल वेल्ड करून ब्रॅकेट बनवला, पुली जराशी तिरकी राहिली, पट्टा किरकिरायचा पण म्हटलं होईल सेट. झाला की, माळशेज उतरताना पट्टाच उडाला. पॉवरच्या बॉक्सचे फेरे कमी असतात आणि आतलं तेलही आपल्यालाच ढकलावं लागतं, त्यामुळे पंप बंद पडला की ते साध्या स्टेअरिंगपेक्षा जड होतं. साठ कॅरेट मागे, समोर वळण, आण्णा शेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. नंतर त्याच इंजिनचा कंपनीचा ब्रॅकेट शोधून आणला. पॉवरचं सगळं मिळून २४ हजार गेले.

कागदांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, म्हणून आरटीओत आधी विचारून घ्या, आणि आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, त्यात स्टेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) बघतात. पंधरा वर्षांवर गेली असेल तर फिटनेसची फी बरीच जास्त आहे, ती धरूनच भाव करा.

आणि गाडी बघायला जाल तेव्हा खाली वाकून ग्रीसच्या निपलवर नख मारून बघा. रंगाचा पापुद्रा निघाला तर तिथेच दहा हजार कमी करा म्हणावं.