तुकडे जोडण्यात एवढं काय असतं?

कॅमेरा, कॅसेट, संकलन यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. उत्तरं देणाऱ्यांनी नौपाड्यात अनेक वर्षं लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग केलं आहे.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मध्यरात्र उलटली तरी जपानी कार्टूनचे तुकडे कापून त्यावर इंग्रजी गाणी चढवत बसतो. याला ‘एएमव्ही’, म्हणजे अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ, म्हणतात म्हणे. चित्रं त्याची नाहीत, गाणं त्याचं नाही, मग यात त्याचं काय? पण परवा त्याने एक व्हिडिओ दाखवला. गोष्ट ठाऊक नाही, भाषा कळत नाही, तरी माझा गळा दाटून आला. हे कसं?
– एक आई, वसंत विहार, ठाणे

उत्तर : ताई, गळा दाटून आला त्याचं आधी बोलू, कारण माझा सगळा धंदा त्यावरच चालला.

लग्नाच्या कॅसेटमध्ये लोक पाठवणी पुन्हा पुन्हा बघतात. खरं सांगायचं तर पाठवणीपर्यंत नवरीत रडायचंही त्राण उरलेलं नसतं. पहाटेपासून मेकअप, अंगावर शालू, स्टेजवर उभं राहून पाय सुजलेले. कॅमेऱ्यात यायचा तो नुसता दमलेला चेहरा. आम्ही त्याखाली सनई टाकायचो, मध्ये वडिलांच्या हाताचा एक शॉट घालायचो, बस्स. घरी कॅसेट लागली की मावशा-आत्या पदर डोळ्यांना लावायच्या. रशियात लेव्ह कुलेशॉव या सिनेदिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी हेच दाखवून दिलं होतं. नटाचा एकच निर्विकार चेहरा, एकदा सुपाच्या वाडग्याला जोडून, एकदा शवपेटीला जोडून. बघणाऱ्यांना आधी भूक दिसली, मग दुःख.

आता, यासाठी जपानी कार्टूनच का? माझ्या मते याचं कारण त्यांच्या काटकसरीत आहे. १९६३ साली जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांनी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही कार्टून मालिका टीव्हीवर आणली, दर आठवड्याला एक भाग. इतकी चित्रं काढायला ना पैसा, ना वेळ. मग युक्त्या आल्या. सेकंदाला फ्रेम चोवीस, पण नवं चित्र तीन फ्रेमनंतर एकदा, कधी तेही नाही. बोलताना तोंडाचे मोजकेच आकार, तेच आलटूनपालटून. एखादं स्थिर चित्र घ्यायचं आणि कॅमेरा त्यावरून सावकाश सरकवायचा. पुढे पैसा आला तरी या सवयी तिथल्या शैलीत मुरल्या.

तुमच्या मुलाच्या व्हिडिओत असा एखादा शॉट बहुतेक असेलच : मुलगी रेल्वे फाटकाशी उभी आहे, फक्त केस उडताहेत, कॅमेरा पायांपासून चेहऱ्याकडे चढतो आहे. चार-पाच सेकंद बाकी काहीच घडत नाही. आपल्या सिनेमातली नटी तेवढ्या वेळात पापणी मिटेल, ओठ दाबेल, तिचं म्हणणं ती स्वतःच सांगून मोकळी होईल. इथे मुलगी काहीच सांगत नाही, त्यामुळे गाणं जे म्हणेल ते तिचं होतं. तोंडाचंही तसंच. उघड-मीट एवढंच असल्याने कुठल्याही गाण्याचे शब्द त्या ओठांवर बसवता येतात. मराठीसुद्धा, मी बसवून पाहिलेत. आणि हालचाल मुळातच अडखळत असल्यामुळे शॉटचा वेग थोडा कमी-जास्त केला तरी डोळ्याला खुपत नाही. लग्नाच्या वरातीचा वेग तसा बदलून बघा, बँडवाले लगेच चार्ली चॅप्लिन होतात.

हा प्रकार सुरू कसा झाला, ते ऐकलं तर मुलाबद्दल थोडी माया वाटेल. १९८२ साली अमेरिकेत जिम कपोश्टास नावाच्या तरुणाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले. ‘स्टार ब्लेझर्स’ या जपानी मालिकेतले मारामारीचे, स्फोटांचे तुकडे वेचले आणि त्यावर लावलं काय, तर बीटल्सचं ‘ऑल यू नीड इज लव्ह’. चित्रं दुसऱ्याची, गाणं दुसऱ्याचं. पण दोन्ही एकत्र आल्यावर जो विनोद झाला, तो आधी कुणाकडेच नव्हता. तेवढा त्याचा. दोन व्हीसीआरवर मीही काम केलंय, म्हणून सांगतो : एकावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड करून पॉजवर बोट. पॉज सोडला तरी टेप पळायला क्षणभर घेते, म्हणजे ठोक्याच्या आधीच बोट उचलायला हवं. चुकलं की तो तुकडा पुन्हा.

आज टाइमलाइनवर माउसने सगळं सरकतं, पण कान तोच लागतो. तबलजी समेवर येताना बैठकीतल्या मंडळींचा हात मांडीवर आधीच निघालेला असतो, तशी चांगल्या एएमव्हीत प्रेक्षकाची तयारी आधीच झालेली असते. दर ठोक्याला कापणारा नवशिका. ठोका सोडून, पुढच्यापर्यंत थांबवून मग कापतो, त्याच्यात काहीतरी आहे. हल्ली मात्र दर ठोक्याला स्क्रीन हलवायची, पांढरा फ्लॅश मारायचा, अशी फॅशन आहे. त्यात मला राम दिसत नाही. तुमच्या मुलाने तसं केलं असेल तर माझं नाव सांगून बोला.

आणि जागरणाचं म्हणाल तर रेंडर, म्हणजे तुकडे जोडून अखेरचा व्हिडिओ तयार करायचं काम, लावून झोपता येतं, कॉम्प्युटरला सोबत लागत नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे. माझ्या एएमव्हीला यूट्यूबवर ‘कॉपीराइट क्लेम’ आला. वर्णनात मी ‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ असं लिहिलं होतं. तरी का? चॅनल बंद होईल का?
– नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : त्या वाक्याचा उपयोग शून्य, बाळा. चोरीच्या सायकलवर मालकाचं नाव लिहिलं म्हणून ती आपली होत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. क्लेम म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनलवरचा नियमभंगाचा ठपका, नव्हे; नुसत्या क्लेमने चॅनल बंद होत नाही. जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात, किंवा व्हिडिओ अडवला जातो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये खासगी वापर, समीक्षा, बातमी अशा सवलती आहेत, पण अख्खं गाणं चित्रांवर चढवून जगाला दाखवणं त्यात बसवणं अवघड आहे.

तक्रार बहुतेक वेळा गाण्याच्या कंपनीकडूनच येते. २००५ साली विंड-अप रेकॉर्ड्सने एएमव्हीच्या सगळ्यात मोठ्या संग्रहाला आपल्या कलाकारांच्या गाण्यांचे व्हिडिओ काढायला लावले. त्यात इव्हानेसन्स हा रॉक बँड होता, म्हणजे तेव्हाच्या पोरांचा जीव की प्राण.

जुनी गाणी घेऊ का, असं विचारशीलच. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो, पण गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे दोन्ही तपासावे लागतात. त्यापेक्षा कॉलेजात कुणाचा बँड असेल तर त्यांचं स्वतःचं गाणं लेखी परवानगीने घे. गाण्यापुरता प्रश्न मिटतो, चित्रांचा राहतोच. आणि हे सगळं बारावीची परीक्षा झाल्यावर.

प्रश्न : नातवाने समुराईंच्या लढाईवर पोवाडा चढवून दाखवला. घरातले सगळे हसले. मला कळेना, हसावं की रागवावं?
– एक आजोबा, कोपरी

उत्तर : हसा की! जपानमध्येही चित्रांची-आवाजांची अशी तोडमोड करून केलेले गमतीचे व्हिडिओ आहेत, त्यांना ‘मॅड’ म्हणतात. पण हसून झाल्यावर आवाज मोठा करून पुन्हा लावायला सांगा आणि तलवार कुठे पडते ते बघा. डफाच्या थापेवर पडत असेल तर पोराला शंभर रुपये द्या. झीलकरी ‘जी जी’ म्हणतात तिथे समुराईंच्या फौजेची तोंडं उघडत असतील, तर मलाही पाठवा.