एका फायबरमधून इतके लेसर, मग सरमिसळ कशी होत नाही?

प्रश्न : घरात फायबर आलं तेव्हा बघितलं, काचेची एकच बारीक तार, त्यातूनच डाउनलोड आणि त्यातूनच अपलोड. मोठ्या लाइनवर तर म्हणे एकाच फायबरमध्ये ८०-८० लेसर सोडतात. हे सगळं आत मिसळून जात नाही का?

उत्तर : तुमच्या घरापासूनच सुरू करू. साध्या जीपॉन (घरोघरी फायबर देण्याची नेहमीची पद्धत) कनेक्शनमध्ये तुमच्याकडे येणाऱ्या प्रकाशाची वेव्हलेंग्थ, म्हणजे लहरीची लांबी, १४९० नॅनोमीटर असते आणि तुमच्याकडून जाणाऱ्याची १३१०. वेव्हलेंग्थ म्हणजे एक प्रकारे प्रकाशाचा रंगच. दोन्ही इन्फ्रारेड, डोळ्याला दिसत नाहीत (म्हणून फायबरच्या टोकात डोकावू नका, दिसत नाही म्हणजे बंद आहे असं नसतं).

आता सरमिसळ. लाल आणि हिरवा मिळून पिवळा दिसतो ना, तो पिवळा आपल्या डोळ्या-मेंदूत तयार होतो, प्रकाशात लाल लालच राहतो आणि हिरवा हिरवाच. काचेतही तसंच, सगळे एकत्र धावतात पण आपापली वेव्हलेंग्थ धरून, आणि पलीकडे फिल्टर असा बसवतात की एकच वेव्हलेंग्थ आरपार जाते, बाकीच्या परत उसळून पुढच्या फिल्टरकडे, तो त्याची घेतो, असं करत करत सगळे सुटे.

खरी कटकट लेसरला जागेवर ठेवायची. डीडब्ल्यूडीएममध्ये (एका फायबरमध्ये खूप वेव्हलेंग्थ दाटीवाटीने बसवायची पद्धत) दोन चॅनलमधलं, म्हणजे शेजारच्या दोन लेसरमधलं, अंतर बऱ्याचदा १०० गिगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम ०.८ नॅनोमीटर, आणि लेसर एक डिग्री तापला की साधारण ०.१ नॅनोमीटर सरकतो. ८ डिग्री वाढले की हा शेजाऱ्याच्या जागेवर जाऊन बसलाच! म्हणून प्रत्येक लेसरखाली छोटासा कूलर असतो. सीडब्ल्यूडीएम या मोजक्याच वेव्हलेंग्थच्या पद्धतीत २० नॅनोमीटरची ऐसपैस जागा, तिथे कूलर लागत नाही, म्हणून ते स्वस्त पडतं.

पण माझ्या मते या सगळ्याचा खरा हिरो अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे वाटेत मंद होत गेलेला प्रकाश परत वाढवणारं उपकरण. आधी लांबच्या लाइनवर ठरावीक अंतरावर प्रकाशाचा इलेक्ट्रिक सिग्नल करून परत प्रकाश करावा लागायचा, तोही प्रत्येक चॅनलचा वेगळा, कोण एवढा खर्च करणार. १९८७ च्या सुमारास इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या टीमने आणि अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत डेसुर्विर वगैरेंनी एर्बियम हा धातू मिसळलेल्या फायबरचा अ‍ॅम्प्लिफायर करून दाखवला. १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातले सगळे चॅनल एकदम वाढतात, प्रकाशाचा प्रकाशच राहतो.

आणि हो, तुमची शंका अगदीच चुकीची नाही. फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यात पॉवर जास्त झाली की चॅनल एकमेकांत लुडबुड करून नको तिथे नवीन वेव्हलेंग्थ तयार करतात, याला फोर वेव्ह मिक्सिंग म्हणतात. गंमत म्हणजे १५५० नॅनोमीटरला डिस्पर्शन (वेगवेगळ्या वेव्हलेंग्थ वेगवेगळ्या वेगाने धावल्याने सिग्नल पसरणं) शून्य व्हावं म्हणून खास फायबर बनवलं होतं, एकट्या लेसरला ते झकास, पण तिथे सगळे चॅनल एका चालीने जातात त्यामुळे ही लुडबुड उलट वाढली. मग पुढच्या फायबरमध्ये थोडं डिस्पर्शन मुद्दाम ठेवावं लागलं.