कालव्याकाठचा मुरमाचा रस्ता डांबरी करावा का?

बारामती-इंदापूर पट्ट्यातील आपल्या कालव्याकाठचा सहा किलोमीटरचा मुरमाचा रस्ता डांबरी करण्याचा विषय ग्रामसभेपुढे येणार आहे आणि रविवारी तेथे सायकल चालवणाऱ्या आपल्या गटाने त्याला विरोध करावा का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे आहे की सबंध रस्ता डांबरी होऊ नये, पण काळ्या मातीतले तुकडे आणि मोऱ्यांलगतचे चढ पक्के करायला आपण मुळीच आडकाठी करू नये.

याचे पहिले कारण म्हणजे त्या रस्त्यावर रोज सायकल चालवणारे लोक आपण नव्हेत. शाळेला जाणाऱ्या मुली आणि दुधाच्या किटल्या घेऊन निघालेले लोक पावसाळ्यातही तिथूनच जातात. काळी माती भिजली की मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखल घट्ट बसतो आणि सायकल अक्षरशः खांद्यावर घ्यावी लागते. आपल्या ४० मिलिमीटरच्या टायरला खडी सोसते म्हणून त्यांनी चिखल सोसावा, ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही.

तरीही डांबराची घाई नको, कारण त्या भागातला खरा भार उसाचा आहे. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ज्या रस्त्यावरून जातात, तिथे डांबराचा पातळ थर फार टिकत नाही. शिवाय खालची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबर आधी कडेने तुटते. सायकलस्वाराला नेमके कडेनेच चालावे लागते. फुटलेल्या डांबराचे धारदार काठ आणि खोल खड्डे हे साध्या मुरमापेक्षा कितीतरी वाईट असतात, आणि मुरमाचा खड्डा गावातला माणूस घमेले-फावडे घेऊन बुजवू शकतो, तसा डांबराचा बुजवता येत नाही. रस्ता गुळगुळीत झाला की मोटारींचा वेगही वाढतो. अरुंद काठावर, एका बाजूला पाणी असताना, मला ही गोष्ट सर्वांत जास्त चिंतेची वाटते.

मुरमाचा रस्ता बिघडतो तो मुख्यतः पाण्याने. त्याचा मध्य कडेपेक्षा उंच हवा. उतार शंभरास चार धरला, तर तीन मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सहा सेंटीमीटर वर येतो. नदीतले गोल गोटे चाकाखाली सरकत राहतात, तर क्रशरची कोनदार खडी एकमेकींत अडकते. ती मुरूम आणि बारीक कच मिसळून, पाणी मारून, रोलरने दाबली तर सायकल चांगली चालते. अमेरिकेत पिट्सबर्ग ते कंबरलँड हा सुमारे २४० किलोमीटरचा सायकलमार्ग बहुतांशी दाबलेल्या चुनखडीच्या कचेचा आहे. तो जुन्या रेल्वेमार्गावर असल्याने चढ सौम्य आहेत आणि पाण्याच्या लोटाने कच सहसा वाहून जात नाही. जिथे चढ तीव्र असतो, तिथे मात्र कोणताही सुटा थर दोन पावसाळ्यांत धुपतो, म्हणूनच मोऱ्यांलगतचे चढ काँक्रीटचे करावेत असे मी सुचवतो.

ग्रामसभेआधी एका मोठ्या पावसानंतर संपूर्ण रस्ता पायी चालून पाहा. पाणी कुठे साचते, कडेची चारी कुठे बुजली आहे आणि कुठे सायकलवरून उतरावेच लागते, याची किलोमीटरवार नोंद करा आणि शाळेच्या मुलींनाही त्याबद्दल विचारा. पक्के करण्याच्या तुकड्यांची यादी त्याच नोंदीवरून ठरवून ग्रामसभेत मांडा.