स्वस्तात मिळणारी एसयूव्ही आणि एअर सस्पेन्शनचा पुढचा खर्च

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे : चिपळूणमधील २०१६ सालची, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) असलेली एक आलिशान एसयूव्ही १६ लाखांना मिळते आहे, १४ लाखांच्या मुदत ठेवीपैकी १० लाख मोडून आणि ६ लाखांचे कर्ज काढून ती घ्यावी का? रात्रभर उभी राहिल्यावर गाडी मागच्या डाव्या बाजूला खाली बसते आणि तळाला गंज दिसतो, हेही त्यांनी कळवले आहे.

या किमतीला आपण ही गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन सुरू केले की गाडी वर येते, हे विक्रेत्याचे म्हणणे खरे असेल. परंतु याचा अर्थ रबरी फुग्यातून, नळीच्या जोडातून किंवा व्हॉल्व्हमधून हवा गळते आणि ती भरून काढण्यासाठी फुग्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला वारंवार, जास्त वेळ चालावे लागते. गळती तशीच राहिली तर तापून कॉम्प्रेसरही निकामी होतो. शिवाय चारही फुगे मूळचेच असतील, तर एक बदलल्यानंतर बाकीच्यांची पाळी फार दूर नसते. झीज आणि गंज यांचा खर्च मोटार विम्यात मिळत नाही, त्यामुळे तो सर्वस्वी आपल्यावरच येईल.

गंजाबाबत मला अधिक धास्ती वाटते. बोल्टवरचा वरवरचा गंज सोसता येतो, परंतु सबफ्रेम (सस्पेन्शन पेलणारा तळाचा सांगाडा) किंवा सस्पेन्शन बसवण्याच्या जागा पोखरल्या असतील तर दुरुस्ती आतबट्ट्याची ठरते, आणि विक्रीपूर्वी मारलेल्या ताज्या काळ्या अंडरकोटिंगखाली (तळाला दिलेल्या लेपाखाली) हे सहज झाकले जाते. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये आलेल्या वाशिष्ठी नदीच्या पुरात ही गाडी कुठे होती, हे विचारून विमा कंपनीकडील दाव्यांचा इतिहास विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.

आता पैशाकडे येऊ. फाउंड्रीकडून आपली बिले तीन महिन्यांनी सुटतात आणि पगार, वीज व यंत्राचा हप्ता मिळून दरमहा अडीच लाख लागतात, असे आपण लिहिले आहे. म्हणजे ठेवीतील साडेसात लाख हे धंद्याचे खेळते भांडवल आहे. मोकळे आहेत ते साडेसहा लाखच. त्यांतून दुरुस्तीसाठी तीन लाख बाजूला ठेवावेत, असे मी सुचवीन. उरलेल्या साडेतीन लाखांत ६ लाखांचे कर्ज मिळवले, तर नाव हस्तांतर आणि विम्यासह आपली मर्यादा साडेनऊ लाखांवर थांबते. हे कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १३,३५० रुपये येईल आणि व्याजापोटी दोन लाख जातील. शिवाय नोंदणीची १५ वर्षांची मुदत २०३१ मध्ये संपत असल्याने हप्ते फिटेपर्यंत पुनर्विक्रीची किंमत बरीच उतरलेली असेल.

याच मर्यादेत साध्या कॉइल स्प्रिंगची, कमी वयाची एसयूव्ही शोधावी, हे मला अधिक योग्य वाटते. याच गाडीवर मन असेल, तर ती एक रात्र कोल्हापुरात सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची संध्याकाळी आणि सकाळी मोजावी, रॅम्पवर चढवून तळ तपासावा, गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावून घ्यावा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून चारही फुगे व कॉम्प्रेसर यांचे लेखी कोटेशन घ्यावे. ती रक्कम किमतीतून वजा करायला विक्रेता तयार होईपर्यंत टोकनही देऊ नये.