उपकेंद्रात साठीपुढच्या माणसांच्या कानांची तपासणी नीट कशी घ्यावी?

तुम्ही सीएचओ (उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी) आहात, म्हातारी माणसं बीपी-शुगरला येतात पण कानाचं कुणी सांगत नाही, असं लिहिलंय. सांगतील कशी? तुमच्या सीबॅक फॉर्मात (आजारांची जोखीम बघायला भरतात तो) ऐकू कमी येतं का हा प्रश्न आहेच. आमच्या गावात (तासगाव तालुका) तो सासूबाईंना तोंडासमोर बसून खणखणीत आवाजात विचारला. त्या म्हणाल्या, "येतंय की!" 'नाही'वर टिक, विषय संपला.

घरात वेगळंच रामायण. थोरल्या दिरांनी हाक मारली की ओसरीवरून ओ यायची. मी किंवा जाऊबाई बोललो की ढिम्म. "लेकांचं ऐकू येतं, सुनांचं तेवढं येत नाही," हे जाऊबाईंनी भावकीभर केलं. मी पहिल्यापासून म्हणत होते, म्हातारी ढोंगी नाही. नातवंडांवर जीव, पण त्यांचंही तिला कळत नव्हतं. शेवटी मिरजेला मेडिकल कॉलेजात ऑडिओमेट्री, म्हणजे मशीनवर ऐकण्याची तपासणी, केली. वयामुळे आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. पुरुषांचा जाड आवाज बऱ्यापैकी पोचतो, बायकापोरांचा विरतो. स, श, फ गळतात, म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. तो रिपोर्ट मी जाऊबाईंच्या हातात दिला. त्यावर त्या अजून काही बोललेल्या नाहीत.

तेव्हा पेशंटला कमी विचारा, घरच्यांना जास्त. मग मागे हातभर अंतरावर उभं राहा, दुसरा कान बोटाने चोळत बंद ठेवा आणि कुजबुजत सहा आकडे-अक्षरं म्हणा. सहापैकी तीनही बरोबर आली नाहीत तर पुढे पाठवा. पण आधी कानात मळ बघा, नाहीतर मळ काढायला माणूस दोन एसट्या बदलून जायचा. चिठ्ठीवर नुसतं 'ईएनटी' खरडू नका; ओपीडीचा वार आणि सोबत कोण जाणार तेही लिहा. कानाच्या मशीनच्या पैशांवर गाडी अडते. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून (२०१७ पासून) ते मोफत मिळतं, हे तिथेच सांगा.

हां, एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर कुजबुज वगैरे करत बसू नका, त्याच दिवशी पाठवा. त्यात उशीर परवडत नाही.

आणि घरच्यांना विचाराल तेव्हा सगळ्या सुनांना विचारा. आमच्याकडे एकट्या थोरलीला विचारलं असतं, तर फॉर्मवर 'हट्टी' असंच आलं असतं.