संध्याकाळी गुपचूप केलेली दुरुस्ती

प्रश्न : ताई, मी अकाउंट्समध्ये १२ वर्षं आहे. आठ महिन्यांपूर्वी विभागप्रमुख झाले. हाताखाली चौघं आहेत. त्यातल्या एकाला दोन वर्षं झाली, पण अजून बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपली खाती बँकेच्या नोंदींशी जुळवणं, धड जमत नाही. फरक सापडला नाही की तो सस्पेन्स खात्यात, म्हणजे न उलगडलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, टाकून मोकळा होतो. आधी सीनियर म्हणून आणि आता प्रमुख म्हणून, दर महिनाअखेरीला संध्याकाळी थांबून मीच सगळं जुळवते. त्याला एका शब्दानं बोलत नाही. तरी गेल्या आठवड्यात त्यानं बदलीचा अर्ज दिला. कारण लिहिलंय, 'इथे शिकायला मिळत नाही.' वरून साहेब मला म्हणतात, 'माणसं घडवा.' सांभाळून घेतलं हेच चुकलं का? अर्ज अडवून ठेवू का?

उत्तर : अर्जातलं ते वाक्य तुम्हाला चांगलंच लागलेलं दिसतंय. पण त्याच्या खुर्चीत बसून बघा. तो काम देतो, घरी जातो आणि पुढच्या महिन्यात खाती जुळलेली असतात. मधे काय झालं हे त्याला कोण सांगणार? कदाचित सस्पेन्समध्ये टाकणं हीच इथली पद्धत, असंच तो धरून चालला असेल.

'एका शब्दानं बोलत नाही' हे तुम्ही मोठेपणा म्हणून लिहिलंय. मीही तसंच समजायचे. माझ्याकडे पत्रव्यवहाराचं काम होतं तेव्हा एकजण मसुदे करायचा. मला ते आवडायचे नाहीत. मी ते नव्यानं लिहून पाठवायचे, त्याला कशाला दुखवा म्हणून गप्प राहायचे. तीन वर्षांनी तो नोकरी सोडून निघाला तेव्हा त्यानं माझ्या हातात एक फाइल दिली. त्याच्या निवडक मसुद्यांच्या प्रती होत्या, नव्या माणसाला नमुना म्हणून. त्यातलं एकही पत्र त्या रूपात बाहेर गेलेलं नव्हतं. मी फाइल घेतली आणि कपाटात ठेवली. तेव्हाही त्याला काही सांगितलं नाही, हे वेगळं.

आता मला सांगा, २,७०० चा फरक आला तर तुम्ही काय-काय करता? नऊनं भागून बघता. भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली असावी असा संशय घेता, ६,३०० च्या जागी ३,६०० पडले असतील म्हणून. तिथे नाही सापडलं तर फरकाची निम्मी रक्कम शोधता, कारण नावेची एंट्री जमेला पडली की फरक दुप्पट दिसतो. त्याही आधी, गेल्या महिन्यात न वटलेले चेक या महिन्यात वटले का ते बघता. हे तुमच्या अंगात इतकं मुरलंय की ते शिकवावं लागतं हेच तुम्ही विसरलात. पैज लावते, यातलं काहीही त्या मुलाला कुणी सांगितलेलं नाही. त्याला फक्त 'जुळलं नाही' एवढंच दिसतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांपुढे हाच पेच होता. मुरलेले कामगार लष्करात गेले आणि त्यांच्या जागी भराभर नवखे आले. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा सरकारी कार्यक्रम चालला आणि त्यात मुकादमांना शिकवायचं कसं हे शिकवलं गेलं. मुकादमानं आधी आपलं काम कागदावर मोडून लिहायचं: पायऱ्या कोणत्या आणि प्रत्येक पायरीतली मेख कोणती. मग माणसाची तयारी करायची, करून दाखवायचं, त्याच्याकडून करून घ्यायचं आणि नंतरही लक्ष ठेवायचं. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली, टोयोटानंही उचलली. त्या कार्यक्रमाचं एक ब्रीद होतं : कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. मला ते जरा एकतर्फी वाटतं, शिकायचंच नसलेली माणसंही मी पाहिली आहेत. पण तो शिक्का मारायचा तर आधी शिकवलेलं असलं पाहिजे.

तेव्हा तुमच्या डोक्यातलं ते सगळं एका कागदावर उतरवा. या महिन्यात संध्याकाळी थांबू नका, दिवसा त्याच्या शेजारी बसा. कमी व्यवहारांचं एकच खातं घ्या. एकदा तुम्ही करा, मोठ्यानं बोलत. मग तो करेल आणि प्रत्येक ठिकाणी 'हे का?' याचं उत्तर देईल. माऊस त्याच्या हातात असू द्या. तो चाचपडायला लागला की तुमचे हात शिवशिवतील, ते आवरा. आणि त्यानं काम द्यायची तारीख दोन दिवस अलीकडे ओढा. शेवटच्या दिवशी चुकायलाच जागा नसते, म्हणून तर सगळं तुमच्या गळ्यात येतं.

सस्पेन्सचं म्हणाल, तर तो 'सापडत नाही' म्हणत तुमच्याकडे का आला नाही? टीम कशा काम करतात याच्या अमेरिकन अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी उलट जास्त निघाल्या. त्या टीम जास्त चुकत होत्या म्हणून नव्हे, तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या म्हणून. यापुढे सस्पेन्समध्ये काही टाकण्याआधी काय-काय तपासलं ते लिहून आणायला त्याला सांगा. तो आला की चेहरा सांभाळा. खरं सांगते, तोंडापेक्षा चेहराच जास्त बोलतो.

अर्ज अडवू नका. अडवलात तर माणूस राहील पण मन उडेल. पुढे पाठवण्याआधी मात्र त्याला बोलवा आणि सरळ सांगा, 'इतके दिवस तुझं काम मी तुला न सांगता दुरुस्त करत होते.' तो चिडेल. चिडू द्या. त्यानंतरही जायचं म्हणाला तर जाऊ द्या, पण तो कागद त्याला द्या.

आणि ती बाकीची तिघं? पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळही नाही. त्यांच्यापैकी कुणाकुणाचं काम तुम्ही संध्याकाळी उघडून बसता, ते मला पुढच्या पत्रात कळवा.